येसबा गुरवाने सोडलेली गुरे

श्रावण सरत आला होता. पूर्वेला तांबडे फुटले तेव्हा कातरगडाच्या बुरुजांवर ढगाची चिंधीसुद्धा नव्हती; पण गडाच्या पायथ्याला बिलगून वाहणारी वारणा, दूर सह्याद्रीच्या माथ्यावर चार दिवस कोसळलेला पाऊस पोटात घेऊन, मुळासकट उपटलेली झाडे लोटीत, तासातासाला फुगत चालली होती.

घाटाच्या पायरीवर येसबा गुरव एकटाच उभा होता. बायको साथीच्या कसल्याशा तापात गेली, मूल झाले नाही. राहिले होते ते एक देवीचे देऊळ आणि देवळातला नगारा. घाटावर कोरलेल्या दगडी हत्तीच्या सोंडेला पाणी लागले की नगारा झोडायचा, हे त्याच्या घराण्याचे पाच पिढ्यांचे वतन. तो आवाज खाली सावर्ड्यात पोहोचायचा आणि गाव गुराढोरांसह माळावर चढायचे. सावर्डेकरांचा या नगाऱ्यावर एवढा भरवसा बसला होता की, खरे सांगायचे तर, नदीकडे बघायचेच ते विसरून गेले होते.

पाणी सोंडेला लागले. येसबा देवळात धावला, तर नगाऱ्याचा चौथरा रिकामा! पहाटेपूर्वीच, तो घाटावर असताना, किल्लेदारांचे लोक नगारा गडावर घेऊन गेले होते.

तो तसाच धापा टाकीत, नदीकडच्या चोरवाटेने, गडाच्या सदरेवर गेला. किल्लेदार मानाजीराव दळवी माणूस वाईट नव्हते. महिनाभराच्या वेढ्यात ते स्वतः एकवेळ जेवत होते.

"सरकार, पानी सोंडंला लागलं. नगारा द्या."

"येसबा," किल्लेदार सावकाश म्हणाले, "गडावर सातशे माणसे आहेत आणि कोठारात आठ दिवसांचा दाणा. सावर्ड्याला लागून गनिमाची छावणी पसरली आहे, तोफा-दारूगोळ्यासकट, ऐन नदीच्या कुशीत. जगदंबेने आपण होऊन उचललेली तलवार आम्ही नगारा वाजवून म्यान करावी?"

"सावर्ड्यात तीनशे जीव हायती, सरकार. माझी थोरली भैन हौसाक्का हाय तितं."

मानाजीरावांनी मान वळवली. "ठाऊक आहे. ते पाप आमच्या माथी. तू देवळात जाऊन बस. आणि ध्यानात ठेव, गावाला सावध करणे म्हणजे छावणीला सावध करणे. त्याला फितुरी म्हणतात, आणि फितुराचा कडेलोट होतो."

येसबाने मुजरा केला, गड उतरला, आणि देवळाकडे न वळता पळत सुटला.

नदी मधल्या डोंगराला वळसा घालून पाच कोसांनी सावर्ड्याला पोहोचायची. डोंगरावरून चढून गेले तर वाट दोन कोसांची. येसबा पळत होता. काट्यांनी पोटऱ्या फाटल्या, एका घसरणीवर गुडघा फुटला, आणि खाली उजव्या हाताला नदीचा घोष त्याच्याबरोबरच, कधी मागे तर कधी पुढे, चालत होता. हौसाक्काने त्याला आईमागे वाढवले होते. त्याला दुसरे काही सुचत नव्हते.

सावर्ड्यात नुकत्याच चुली पेटल्या होत्या. चावडीपुढे उभा राहून तो ओरडला, "पानी आलं! माळावर चला!"

रायाजी पाटील दातवण थुंकून बाहेर आले. त्यांनी वर निरभ्र आभाळाकडे पाहिले, मग येसबाकडे.

"नगारा कुटं वाजला?"

"नगारा गडावर न्हेला, पाटील. मी सांगाया आलोय न्हवं!"

"पाच पिढ्या नगारा सांगतुया, आन आज तू मोकळ्या हातानं सांगनार? रातची उतरली न्हाई व्हय रं?"

लोक हसले. येसबा हौसाक्काच्या दारी गेला. तिने त्याच्या गुडघ्याचे रक्त पदराने पुसले, पण तीही म्हणाली, "नगारा वाजला न्हाई की रं, येसबा. बस, भाकरी खा." सगळ्या जगात आपण एकटे आहोत, असे येसबाला त्या क्षणी वाटले, आणि ते खोटेही नव्हते.

मग त्याने तिच्या कुडातला विळा ओढला.

पहिले दावे कापले ते तिच्याच म्हशीचे. मग पाटलाचा खिलारी जोड, मग तेल्याचे बैल, कुंभाराच्या गाई. गोठ्यामागून गोठे मोकळे करीत, गोठ्यातलाच एक आसूड कडाडीत त्याने सारी खिल्लारे माळाच्या चढणीला लावली. माणसाच्या जिवापेक्षा कुणब्याला बैल प्यारा! "चोर! चोर!" करीत पुरुष काठ्या घेऊन धावले, त्यांच्यामागे बायका, आणि एवढा तमाशा चुकवायचा कशाला म्हणून कडेवर पोरे घेऊन म्हातारेकोतारेही निघाले. माळावर त्यांनी येसबाला गाठले आणि मनसोक्त बडवले. शेवटची काठी वर उठलेली असताना खालून कडाका ऐकू आला, आणि सावर्डे दिसेनासे झाले. गावात राहिलेले अंथरुणाला खिळलेले चार जीव तेवढे गेले.

मात्र धावणारे गाव छावणीनेही पाहिले होते. तंबू बुडाले, माणसेही पुष्कळ बुडाली; पण गोलंदाजांनी बैल जुंपून तोफा उंचावर काढल्या.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले आणि पुराने विस्कटलेल्या गनिमाच्या चौक्या चुकवीत किल्लेदारांचा जमादार चार स्वारांनिशी माळावर आला.

"तोफा वाचल्या, वेढा तसाच राहणार. गावाला वर्दी कोणी दिली? त्या फितुराचा कडेलोट व्हायचा आहे. खरे बोला."

एकाएकी रायाजी पाटील पुढे झाले आणि त्यांनी येसबाच्या थोबाडीत सणसणीत भडकावली.

"वर्दी कसली, जमादार? ह्यो चोर! आमची गुरं पळवत हुता. आमी मागं लागलो म्हून वाचलो."

जमादाराने येसबाकडे रोखून पाहिले. "काय रे? देवीचा गुरव, आणि गुरे चोरलीस?"

पाटलाचे डोळे भरले होते, ते येसबाने पाहिले. फितूर म्हटले तर मरण. चोर म्हटले तर जीव राहतो, पण वतन जाते, देवीची पायरी जाते, माणसांत बसणे जाते. आणि आपण खरे बोललो तर फितुराला पाठीशी घातले म्हणून गावाचीही धडगत नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "चोरली."

चुन्याचे पट्टे ओढून त्याची गाढवावरून धिंड काढली. जमादार पाहत होता, म्हणून गावाने चिखल फेकला. पुराने चिखलाची काही कमी ठेवली नव्हती. "त्याची बहीण कोणती?" जमादाराने विचारले. हौसाक्का पुढे आली. तिने ओंजळभर चिखल उचलला आणि येसबाच्या तोंडावर मारला. येसबाने डोळे मिटून घेतले.

पुराच्या गोंधळात थोडा दाणा गडावर चढला. वेढा दसऱ्याला उठला, गड राखला गेला. पण तोवर गडावर तेवीस माणसे भुकेने गेली. ते ऐकून, गावाबाहेर काढल्यावर नदीपलीकडे धनगरांच्या वस्तीत राहणारा येसबा दोन दिवस जेवला नाही. सावर्ड्यात नव्या भिंती उभ्या राहिल्या, गाळात शाळू पेरला, तो कमरेएवढा वाढला. येसबाचे नाव मात्र कोणी काढीत नसे.

भाऊबीजेला हौसाक्काने ताट केले. "भाऊ नसलेल्या बाईनं चांदाला ओवाळावं," ती शेजारणींना म्हणाली आणि नदीच्या काठावर गेली. बीजेची कोर पलीकडच्या तीरावर टेकली होती. हौसाक्काने तिच्याकडे तोंड करून निरांजन फिरवले, एकदा, दोनदा, हात भरून येईस्तोवर.

पलीकडे, त्या कोरीखाली, येसबा अंघोळ करून, धुतलेले मुंडासे बांधून मांडी घालून बसला होता.