उमजदीप

विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्याने उभारलेल्या क्रियाशील अध्ययन कक्षात प्रा. दिगंबर बिवलकरांनी एन्ट्रॉपीवरचे आपले गाजलेले व्याख्यान संपवले, पाणी प्यायला ते खुर्चीवर टेकले आणि खुर्ची त्यांना घेऊन निघाली.

ती टेबलांना वळसे घालत गेली आणि तबस्सुम मुजावर नावाच्या विद्यार्थिनीसमोर जाऊन थांबली. बिवलकरांच्या हातातले निम्मे पाणी त्यांच्या सदऱ्यावर होते.

"साखळकरबाई! हा काय चावटपणा आहे?"

ग्रंथपाल डॉ. रेवती साखळकर हसू दाबत पुढे आल्या. या कक्षासाठी त्यांनी कित्येक वर्षे उंबरे झिजवले होते. बिवलकरांच्या नेहमीच्या वर्गाचे छत गळत होते, म्हणून ते नाइलाजाने इथे आले होते.

"सर, ही स्वयंचल आसनं आहेत. बसणाऱ्याची नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या ती सतत टिपतात. एखादी गोष्ट आपल्याला नव्याने उमगते ना, त्या क्षणी दोन्हींत ठरावीक बदल होतो. तो दिसला की त्या माणसासमोरचा उमजदीप पेटतो."

"मग? मला का फिरवलं?"

"खोलीला एवढंच काम दिलंय: जास्तीत जास्त दिवे पेटवायचे. त्यासाठी ती खुर्च्या, टेबलं, भिंती, काय वाटेल ते हलवते. ज्याला कळलं नाही त्याला ती कळण्याच्या जवळ नेते. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, हे तिला माहीतच नाही."

बिवलकरांनी सभोवार पाहिले. टेबलाटेबलावरचे दिवे विझलेलेच होते. तासभरात एकही पेटला नव्हता.

"सर," तबस्सुम चाचरत म्हणाली, "एन्ट्रॉपी म्हणजे नक्की काय?"

आपल्या वर्गात कधी कोणी शंका विचारत नाही, याचा बिवलकरांना फार अभिमान होता. आपण शिकवतोच इतके स्वच्छ, अशी त्यांची समजूत होती. त्या दिवशी घरी जाऊन ते नीट जेवलेही नाहीत.

पुढच्या महिन्यात कक्षाची पाहणी करायला शिक्षण समिती येणार होती. समितीचे अध्यक्ष मोहनराव जाचक यांना त्या जागी पाहुण्यांसाठी वातानुकूलित विश्रामकक्ष करायचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. बिवलकर आपणहून साखळकरबाईंकडे गेले. "पाहणीच्या दिवशी तास मी घेतो," ते म्हणाले. "एकूण एक दिवा पेटवून दाखवतो."

मग ते कामाला लागले. विद्यार्थ्यांना घेऊन ते उपाहारगृहात बसू लागले. चहा आपोआप गार होतो, पण आपोआप गरम का होत नाही? कप फुटतो, पण तुकडे उडी मारून पुन्हा का जुळत नाहीत? नीटनेटकेपणाच्या रीती थोड्या आणि पसाऱ्याच्या अगणित, म्हणून पसाराच वाढतो. त्या पसाऱ्याचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. बिवलकरांनी इतके कप फोडले, की मालकाने त्यांना स्टीलचे पेले द्यायला सुरुवात केली. पण पोरांना समजले. तबस्सुम तर इतरांना समजावू लागली.

पाहणीचा दिवस उजाडला. समितीचे तिघे मागच्या खुर्च्यांवर बसले. बिवलकरांनी जीव ओतून शिकवले. विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रश्नाला अचूक उत्तर दिले.

एकही दिवा पेटला नाही.

साखळकरबाईंचा चेहरा उतरला. त्या हळूच बिवलकरांजवळ आल्या. "सर, तुम्ही यांना आधीच सगळं शिकवलंत?"

"चोख!"

"अहो, मग आज त्यांना नव्याने काय उमगणार?"

बिवलकर आपल्या खुर्चीवर टेकले. या बाईची सगळी मेहनत आपण आपल्या हौसेपायी मातीत घातली, हे त्यांना लख्ख कळले. त्याच क्षणी त्यांच्या समोरचा दिवा पेटला. खोलीत पेटलेला तो एकुलता एक दिवा.

"छान," जाचक घड्याळ पाहत म्हणाले. "सगळं समजलं. निघू या आपण."

पण खोलीला ते पटले नव्हते. न समजलेली माणसे तिला केव्हाच सापडली होती. तीन खुर्च्या एकदम हलल्या आणि समितीला विद्यार्थ्यांच्या तीन टेबलांपाशी घेऊन गेल्या. जाचक तबस्सुमच्या पुढ्यात आले.

"साहेब, तुमच्या घरी चहा गार होतो का?" तिने विचारले.

काही वेळाने एका सदस्याचा दिवा पेटला, मग दुसऱ्याचा. जाचकांचा पेटला तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. आणखी एक पेटवायचाच, अशा ईर्ष्येने ते पुढे सरसावले.

"एक मिनिट! पसारा सारखा वाढतच जातो म्हणता. म्हणजे काल आजच्यापेक्षा कमी होता, परवा त्याहून कमी. मग अगदी सुरुवातीला हे विश्व इतकं आवरून ठेवलं होतं कोणी?"

तबस्सुमने बिवलकरांकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. इतकी वर्षे व्याख्यानात ते हा मुद्दा मोठ्या शिताफीने ओलांडून जात.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "खरं म्हणजे नक्की असं कोणालाच माहीत नाही. पण शोधणाऱ्यांनी बरंच लिहून ठेवलंय."

खोली क्षणभर स्तब्ध झाली. शिक्षक, विद्यार्थी, समिती, कोणालाही कोणाजवळ नेऊन आता उपयोग नव्हता. सगळ्यांनाच माहीत नसणे हा प्रसंग साखळकरबाईंच्या चाचण्यांत कधी आलाच नव्हता. मग घरघर करत मागची भिंत बाजूला सरकली. पलीकडे भौतिकशास्त्राची कपाटे होती. सगळ्या खुर्च्या शिस्तीत वळल्या आणि एकामागून एक पुस्तकांच्या दिशेने निघाल्या.

अर्ध्या तासाने जाचक एक जाडजूड ग्रंथ काखेत मारून साखळकरबाईंपुढे आले. विश्रामकक्षाचा विषय त्यांनी काढला नाही.

"हे घरी नेता येईल?"

"जरूर. ग्रंथालयाचं कार्ड आहे ना आपलं?"

"नाही हो. कधी वेळच आली नाही." ते ओशाळून हसले. "काढून द्या एक."

"त्या खिडकीपाशी रांगेत उभे राहा."

जाचक जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे, दोन पुस्तके छातीशी धरून, प्रा. बिवलकर येऊन उभे राहिले.