सहावा शेरा

गाणं ऐकताना मी डोळे मिटते. चिकलठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत मापयंत्रं तपासण्यात माझी चोवीस वर्षं गेली, आणि डोळ्यांना दिसलेलं मोजण्यात मिसळू द्यायचं नाही, एवढं तिथं शिकले. चेहरा हसरा असला की कान उदार होतात. म्हणून महिला भजनी मंडळांचं गाणं ऐकायला बसले, की आवाज कुठून येतो तेवढं वहीत लिहायचं आणि समोर शेरा. डोळे उघडायचे ते वहीपुरते.

बानाबाईंचं मंडळ आमच्या मागच्या सोसायटीत, तळमजल्याच्या हॉलमध्ये, दर गुरुवारी दुपारी जमतं. यंदा मी भजन स्पर्धेची परीक्षक नव्हते, म्हणून त्यांनी बोलावल्यावर गेले.

"चुका सांगा मॅडम," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "गोड बोलणारे लई हायेत. घरचे तर चहासाठी वा वा करतात."

हॉलमध्ये फिनेलचा वास होता. एक सतरंजी, ढोलकी, दोन टाळ. पेटीवाले सर फक्त स्पर्धेच्या दिवशी येतात. कोण कुठं बसतंय ते न पाहता मी खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि गवळण सुरू झाली.

दुसऱ्या कडव्यात विमान आलं. धावपट्टी जवळच असल्यामुळे तावदानं वाजू लागली, आणि सवयीनं सगळ्या थांबल्या. उजवीकडून, भिंतीच्या बाजूनं, एक आवाज मात्र षड्ज धरून राहिला होता. बारीक, किंचित घोगरा, बिनघाईचा. विमान गेलं, बाकीच्यांनी पुढची ओळ घेतली, आणि हवेत थरथर सुरू झाली. दोन सूर फार जवळचे पण वेगळे असले की असे ठोके पडतात. ते दाढांत जाणवतात.

गवळण संपल्यावर मी वहीतून वाचायला लागले.

"ढोलकी. हात गोड, पण घाई होते. ढोलकीवाल्या ताई गातात तेव्हा घाई आणखी वाढते."

"घ्या आई! मी रोज तेच सांगते," एक तरुण आवाज म्हणाला. ही प्रांजली, बानाबाईंची सून.

"गप गं. तुझं येऊ दे आधी."

"मधला आवाज. शब्द स्पष्ट, पण ओळ संपता संपता सूर सोडून देतो."

"आता?" बानाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

पुढचे तीनही शेरे त्यांनी असेच हसत घेतले. मग मी सहावा वाचला. "उजवीकडे, भिंतीलगत. आवाज स्थिर. बाकीच्यांपेक्षा चढा वाटतो. ओळीच्या मध्येच श्वास घेतात."

कुणी हसलं नाही.

मी वर पाहिलं. समोर पाच बायका होत्या. भिंतीलगत एका बाईला पुरेल एवढी सतरंजी मोकळी होती.

"मॅडम, आम्ही पाचच आहोत," प्रांजली हळूच म्हणाली.

बानाबाईंनी ढोलकी बाजूला ठेवली. "म्हंजी तुमालाबी आली ऐकू."

मी आधी बाहेर पाहिलं. हॉलला दोनच खिडक्या होत्या. पलीकडे पार्किंग, तिथं कुणी नव्हतं. खरं तर एवढं तपासून मी निघायला हवं होतं.

"मनकर्णा," बानाबाई सांगू लागल्या. "अकरा वर्सं बसली माझ्याशेजारी. सरावाला तिचा सूर वर जायचा. बक्षीस हुकलं की आमाला तेच कारण वाटायचं. पण तिला तोंडावर कोण सांगणार? लई जीव लावायची सगळ्यांना. मागच्या साली स्पर्धेची तारीख पुढं गेली म्हणून सांगितलं तिला, आन आमी पाच जणी जाऊन आलो."

"मग?"

"तिला कळलं. बोलली कायच नाय. मला एवढंच इचारलं, बाना, माझं नेमकं काय चुकतं? मी म्हटलं, कायच नाय, छान गातीस. महिन्यानं गेली ती. डेंग्यू." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "तुमी सांगा तिला. खरं सांगा. आमच्याच्यानं झालं नाय."

मी म्हणाले, मोजल्याशिवाय मी काही सांगत नाही.

फोन सतरंजीवर ठेवला आणि आवाजाचा आलेख दाखवणारं अ‍ॅप सुरू केलं. त्यांनी तीच गवळण पुन्हा म्हटली. या वेळी मी डोळे उघडे ठेवले.

सुरुवातीला षड्जाची एकच रेष होती, २०८ हर्ट्झवर. पेटीची काळी चार. पहिल्या कडव्यानंतर तिच्या दोन झाल्या. एक जाड, हळूहळू खाली सरकणारी. शेवटच्या कडव्याला ती २०० वर आली होती. दुसरी केसाएवढी बारीक. ती २०८ वरच होती, अगदी सरळ.

मी आलेख तीनदा पाहिला. हे सांगितलं तर पाच बायकांना काय वाटेल, ते मला कळत होतं.

"त्यांचा सूर चढत नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्या एकदम उतरता. पेटी नसली की असं होतं, आपलं आपल्याला कळत नाही. ज्या सुरावर गाणं सुरू झालं, त्या सुरावर शेवटपर्यंत फक्त त्या राहिल्या."

प्रांजली रडत होती.

"अकरा वर्सं," बानाबाई म्हणाल्या. मग भिंतीकडे बोट केलं. "आमाला नका सांगू, मॅडम. तिला सांगा."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी खुर्ची वळवली.

"मनकर्णाबाई, तुमचा सूर बरोबर होता. तुम्हाला गळा होता." तिथंच थांबले असते तर तेही नुसतं गोड बोलणं झालं असतं. "एक चूक आहे. श्वास ओळीच्या मध्ये घेता, त्यानं शब्द तुटतो. शब्द पुरा होऊ द्या, मग घ्या."

बानाबाईंनी ढोलकी ओढली. "तिच्या सुरानं म्हणायचं गं," त्या म्हणाल्या. "ऐकत म्हणायचं."

त्यांनी गवळणीची ओळ हळू आवाजात म्हटली. थरथर कुठं जाणवली नाही.

मी आळीपाळीनं पाचही तोंडं पाहत होते.

ओळ संपली. ढोलकी थांबली. पाचही जणींनी श्वास रोखून धरला.

भिंतीजवळ कुणीतरी श्वास घेतला.

शब्द पुरा झाल्यावर.