चांदणीचं टोक

रुमालात तुटलेलं टोक बांधून कुणी प्रेमात पडायला निघत नाही. ती तर नोकरी वाचवायला निघाली होती, आणि तेही रडत!

विनिअर म्हणजे लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे. ते कापून कपाटांच्या दारांवर नक्षी जडवायची, हे तिचं काम. नवीनच लागली होती. नक्षीतल्या चांदणीचं टोक तुटलं, तशी ती विनिअरच्या दुकानात धावली. गल्ल्यावर मालकाचा पुतण्या बसला होता. त्याने ते टोक उजेडात धरलं.

"सुरी कोपऱ्याकडे ओढलीत ना? कोपऱ्यातून सुरू करा आणि बाहेर ओढा. टोक शाबूत राहील."

"तुम्ही विनिअर विकता की शिकवणी घेता?"

फणकारली खरी, पण ऐकलं त्याचंच. तरी त्याच्याकडून नेलेल्या तुकड्यांतून कापलेली पुढची दोन टोकं गेली ती गेलीच. कारखान्यातल्या उस्तादांनी बजावलं, आणखी एक तुटलं तर सुरी ठेवायची आणि पॉलिशपेपर घासायला बसायचं. हे तिने दुकानात येऊन त्याला सांगितलं. तो तडक आत गेला आणि बराच वेळ शोधून एक तुकडा घेऊन आला.

त्यानंतर तीन आठवडे एकही टोक तुटलं नाही. उस्ताद खूश. पण बाईसाहेबांना दुकानात जायला आता निमित्तच उरलं नाही, त्याचं काय?

आज सकाळी रंधा मारता मारता सुतारकाका सहज बोलून गेले. विनिअरवाल्याच्या पुतण्याला म्हणे सोमवारपासून परगावच्या दुकानात बसायला बोलावलंय, दुपारपर्यंत त्याला हो-नाही सांगायचंय. समोर आठ टोकांची चांदणी होती, कापून तयार, फक्त चिकटवायची बाकी. संध्याकाळी उस्ताद दार तपासणार होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि... नखाने एक टोक मोडलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा!

मोडकं टोक रुमालात घेऊन तिने दुकान गाठलं.

"तुटलं," ती गल्ल्याकडे बघत म्हणाली.

त्याने टोक उलटसुलट केलं, अंमळ जास्तच वेळ. "कडा तर साफ आहेत. हे कापताना नाही गेलं. वाकवून मोडलंय... नखाची खूण आहे."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. आता लपवायला राहिलंच काय?

"तुम्ही सोमवारी जाताय," ती कशीबशी म्हणाली, "मग मी यायचं कशाला?"

त्याचे कान लाल झाले. "मलाही एक सांगायचंय... मधले दोन तुकडे मी मुद्दाम सुकलेले दिले होते. ठिसूळ. तुम्ही परत याल म्हणून. तुमच्या नोकरीवर बेतलंय हे कळलं, तेव्हा माझं धाबं दणाणलं."

दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो ह्या शहाण्यामुळे! संताप आला, आणि त्या संतापातच हसू फुटलं. मेलं, ते आवरेना.

"चला माझ्याबरोबर. उस्तादांना सांगा, टोकं कुणामुळे तुटली ते."

"आत्ता?"

"आत्ता. पण आधी चांगला तुकडा काढा."

त्याने दुकानातला सगळ्यात सुबक तुकडा काढला आणि गल्ल्यावर दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिने गल्ल्यावरची सुरी उचलून तिचं टोक कोपऱ्यात टेकवलं. एक श्वास घेऊन तिने सुरी बाहेर ओढली, मग दुसरी बाजू. टोक अखंड निघालं.

तेवढ्यात आतून मालकांनी विचारलं, सोमवारचं काय ठरलं रे?

"नाही जात, काका," तो म्हणाला. "इथे दोन टोकं भरून द्यायचीत."

"तीन, आजचं धरून," नवं टोक रुमालात गुंडाळत ती हळूच म्हणाली.