काचेत उरलेला हिरवा

आपल्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला धाकटी तेच सांगायची आणि तेच दाखवायची. काउंटरच्या खणात एक गोल काच होती, निम्मी साधी, निम्मी कोटिंग केलेली. ट्यूबलाइटखाली धरली की साध्या निम्म्यात अख्खी ट्यूब झळकायची आणि कोटिंगच्या निम्म्यात तिची जेमतेम हिरवट खूण उरायची. "गाडी चालवताना समोरच्या दिव्यांचा त्रास होत नाही, फोटोत चष्मा चमकत नाही," हे ती झोपेतही म्हणू शकली असती. शेवटचं वाक्य मात्र मनापासून असायचं, स्वतःच्या चष्म्यावर बोट ठेवून. "आणि समोरच्याला तुमचे डोळे दिसतात."

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, पंचेचाळिशी उलटली तरी. आणि या धाकटीला स्वतःच्या थोरल्या भावाचे डोळे आजवर धड दिसले नव्हते. दादाला लहानपणापासून जाड काचांचा चष्मा. कोटिंगचं नाव काढलं की "मला काय फोटो काढून घ्यायचेत?" म्हणून उडवून लावायचा. भांडण सुरू झालं की तो मान किंचित वर करायचा, दोन्ही काचांवर खिडकी यायची, आणि धाकटी दोन पांढऱ्या चौकोनांशी तावातावानं बोलत बसायची. त्यापेक्षा भिंतीशी भांडलेलं बरं. भिंत निदान "तू आधी शांत हो" असं तरी म्हणत नाही.

आईला जाऊन चार महिने झाले होते. शेवटची तीन वर्षं आई दादाकडे होती. दादा एकटा राहायचा, घरूनच काम करायचा, म्हणून तसं ठरलं होतं. आईला फारसं काही आठवत नसे, दार उघडं दिसलं की ती चालू लागे. ती गेली त्या दुपारबद्दल दादानं सगळ्यांना एकच सांगितलं. "मी जवळच होतो. हात हातात होता. झोपेतच गेली." सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटीनंही डोलावली.

मग महिन्याभरानं दादाच्या शेजारच्या काकू नंबर तपासायला आल्या. यंत्रावर हनुवटी टेकवलेलीच होती, तशाच म्हणाल्या, "आई गेली त्या दिवशी दादाकडे सुतारकाम चाललं होतं का गं? दुपारभर दारावर ठोकल्याचा आवाज येत होता."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं दादाला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा काचांवर खिडकी आली आणि तिन्ही वेळा तेच उत्तर, शब्दही इकडचा तिकडे नाही. इतकं पाठ झालेलं खरं कुणाचं असतं?

आणि एके दिवशी दादा स्वतःच्या चष्म्यावर बसला. दुकान एक ते चार बंद असायचं, तेव्हा तो मोडका चष्मा रुमालात बांधून आला. "हीच फ्रेम, हीच काच," तो म्हणाला.

"हीच काच नाही. या वेळी मी सांगेन ती."

"मला काय करायचंय कोटिंग?"

"मला करायचंय," ती फणकारली, आणि तीन नमुने त्याच्यापुढे आपटले. साधी काच अंगावर पडलेल्या उजेडातले शंभरातले आठ भाग परत फेकते. कोटिंग केलं की एक उरतो, चांगल्यात एकाहून कमी. त्या उरलेल्याला रंग असतो, कुठे हिरवा, कुठे निळा. पार पुसलं जाईल असं कोटिंग कुणालाच जमलेलं नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं सगळ्यात कमी उरणारं निवडलं. दादाला विचारलंही नाही. तिला एकदाच, फक्त एकदा, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून ते वाक्य ऐकायचं होतं. खरं निघालं तर त्याची हात जोडून माफी मागायची. खोटं निघालं तर या माणसाचं तोंड जन्मात पुन्हा पाहायचं नाही.

चार दिवसांनी काचा आल्या. तिनं नंबर तपासला, काचा फ्रेममध्ये बसवल्या, दांड्या कानामागे नीट वळवल्या आणि समोर स्टूल ओढून बसली. दादाचे डोळे दिसले. तपकिरी. डावा किंचित बारीक. खाली काळी वर्तुळं. इतके थकलेले असतील असं तिला वाटलं नव्हतं, आणि क्षणभर तिचा राग ढिला पडला.

तेवढ्यात तिला त्या डोळ्यांवर काहीतरी हिरवं दिसलं.

उभट चौकोन. दोन्ही काचांत, सारखाच. खिडकी असेल म्हणून तिनं वळून पाहिलं, तर शटर खाली होतं. ट्यूब बंद केली. चौकोन तसाच. दादाची खुर्ची भिंतीकडे फिरवली. तसाच. चष्मा काढून हातात धरला, तर काचा निर्मळ, असून नसल्यासारख्या. पुन्हा त्याच्या नाकावर ठेवला आणि चौकोन आला.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"काच खराब आहे."

त्या दिवशी तिनं काचा बनवणाऱ्या लॅबच्या माणसावर अशी आग पाखडली की तो बिचारा न केलेल्या चुकीची माफी मागून मोकळा झाला. आठवड्यानं दुसरी जोडी आली, दुसऱ्या प्रकारच्या कोटिंगची. दादाच्या नाकावर ठेवली, तर या वेळी चौकोन निळा होता, आणि मोठा. आता ओळखू येत होतं. ते दार होतं. वर कडी, आणि तिच्याखाली हातभर अंतरावर जुन्या कडीची, पुट्टी भरून बुजवलेली चार भोकं. आईच्या खोलीचं दार. आईचा हात पोचू नये म्हणून कडी वर घेतली, असं दादानं तिला सांगितलं होतं. पण खोलीच्या आतली कडी वर घेतली, असा तिचा समज होता.

ही कडी बाहेरून होती. लावलेली होती.

तिनं साध्या काचा बसवून पाहिल्या. त्यांत ट्यूब, काउंटर, फ्रेमच्या रांगा, ती स्वतः, सगळं लख्ख. दार कुठेच नाही. की इतक्या गर्दीत ते दिसायला जागाच नव्हती? आजवर कधीच नव्हती? तिनं निळी जोडी पुन्हा दादाच्या डोळ्यांवर चढवली. 

"दादा, ते वाक्य म्हण."

"कुठलं?"

"त्या दुपारचं."

त्यानं सवयीनं मान वर केली. आता खिडकी आली नाही. "मी जवळच होतो," तो म्हणाला.

काचेतली कडी हलली.

"हात हातात होता."

पुन्हा हलली. आवाज कसलाच नाही. आतून कुणी तळहातानं ठोकावं तशी ती जागच्या जागी उडत होती.

"झोपेतच..."

"कडी तू लावलीस," धाकटी ओरडली. "बाहेरून!"

दादानं नाही म्हटलं नाही. कुणी सांगितलं, तेही विचारलं नाही. "अर्धा तास," तो म्हणाला. "मला फक्त अर्धा तास झोप हवी होती गं. तीन वर्षं मी सलग झोपलो नव्हतो. डोळा लागला तो पाचला उघडला. दार उघडलं, तर ती दाराशीच बसलेली होती."

"आणि जगाला सांगत सुटलास की हात हातात होता!"

"होता ना. नंतर."

धाकटीच्या हातात नमुन्याची काच होती, ती तिनं जमिनीवर फेकली. फुटली नाही, म्हणून आणखी चिडली. "नीच आहेस तू! दुपारभर ठोकत होती ती. दुपारभर! एका माणसानं तिला ओ दिली असती तर आज ती असती. एका माणसानं!"

दादानं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत नाही. डोळ्यांच्या जरा अलीकडे.

"काय बघतोस?"

"तुझ्या चष्म्यात काहीतरी आहे."

"माझ्या चष्म्यात काही नसतं. दुकानातलं सगळ्यात चांगलं कोटिंग आहे त्याला."

"हिरवं आहे." तो खुर्चीतून पुढे वाकला. त्याचा श्वास तिच्या गालाला लागला. "काउंटर आहे. हेच. त्यावर तुझा फोन आहे." त्यानं डोळे बारीक केले. "आईचं नाव आलंय."

तिनं स्टूल मागे सरकवलं.

"तिच्या फोनमध्ये एकच नंबर ठेवला होता मी," तो हळूच म्हणाला. "तुझा." मग आणखी पुढे वाकला. "हात आला. तुझाच आहे. फोन पालथा घातलास."

धाकटीनं चष्मा ओढून काढला. ट्यूबखाली धरला. काचा निर्मळ होत्या, बोटाचा साधा डागही नव्हता. तरी तिनं त्या पदरानं पुसल्या, दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा, आणि चष्मा डोळ्यांवर चढवून दादासमोर चेहरा धरला.

दादाच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पालथाच आहे," तो म्हणाला. "पण काउंटरवर सरकतोय. अजून वाजतोय."