गॅप बरोबर, टकटक चालूच

"ताई, आत्ताच्या आत्ता ये. इंजिन टकटक करतंय."

फोनवर धाकटा भाऊ होता आणि अगदी रडकुंडीला आला होता. खरं सांगायचं तर ताईला आधी बरं वाटलं. काळजी त्यानंतर वाटली. वडिलांच्या हाताखाली इंजिनं खोलायला दोघंही शिकली होती, आणि हात तिचा जास्त चांगला होता. पण गॅरेज मिळालं धाकट्याला. ती तंत्रशाळेत फळ्यावर इंजिनं काढत राहिली. पंधरा वर्षं हे तिच्या पोटात दुखत होतं.

गॅरेजमध्ये साठ वर्षांची मोटार बॉनेट उघडून उभी होती. तीन महिने खपून धाकट्याने तिचं इंजिन नव्याने बांधलं होतं. दाराशी खुर्चीवर बाबा बसले होते. कोपऱ्यात लेथवर काम करणारा टर्नर आपली हत्यारं पेटीत भरत होता.

"काका कुठे निघाले?" ताईने विचारलं.

"मीच जायला सांगितलंय," धाकटा म्हणाला. "रॉकर त्यांनी घासले, आणि टकटक रॉकरचीच आहे. मुद्दाम केलंय. मी त्यांचं काम करणारी नवीन मशीन घेणार हे कळल्यापासून तोंड फुगलंय त्यांचं."

टर्नर पेटी भरत राहिला. बावीस वर्षं तो इथे होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी, लबाड म्हणून हाकललेल्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करणार?

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको," ताई म्हणाली. "इंजिन चालू कर."

टक, टक, टक. तिसऱ्या सिलिंडरपाशी.

इंजिनाच्या माथ्यावर एका दांड्यावर आठ रॉकर, म्हणजे छोट्या तरफा, ओळीने ओवलेले असतात; प्रत्येक सिलिंडरला दोन, हवा आत घेणाऱ्या इनटेकचा एक आणि धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टचा एक. एका टोकाने उचलला की दुसऱ्या टोकाने तो व्हॉल्व्ह दाबतो. त्या टोकात आणि व्हॉल्व्हमध्ये केसाएवढी फट ठेवायची, तीच गॅप. ती पातळ पोलादी पात्यांनी, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात; वाढली की टकटक.

"गॅप मोजलीस?"

"तिसऱ्याच्या इनटेकची मोजली. बाराचं पातं बरोब्बर जातंय. गॅप बरोबर आणि आवाज चालूच! म्हणजे घासण्यातच खोट."

"बाकीच्या?"

"त्या कशाला? काल सकाळी आठही बारावर लावल्या, पुस्तकाप्रमाणे. झाकण बसवलं आणि दुपारी रंगवाल्याकडे गेलो."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"काका. आणि बाबा."

ताई टर्नरकडे वळली. "काका, तुम्ही कुठे होतात?"

"मागच्या खोलीत, लेथवर. मशीन चालू असली की बाहेर तोफ उडाली तरी कळत नाही, ताई."

"बाबा, तुम्ही?"

"डुलकी काढत होतो," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्याला दुसरं काय काम?"

इंजिन निवल्यावर ताईने पात्यांचा जुडगा घेऊन आठही गॅप मोजल्या. चार इनटेकच्या चारही बारा. चार एक्झॉस्टच्या चारही चौदा. तिने पुन्हा मोजल्या. तेच. पण आकडे तिने कोणाला सांगितले नाहीत.

मग तिसऱ्याच्या इनटेकचा स्क्रू ढिला करून तिने रॉकर दांड्यावर बाजूला सरकवला आणि त्याच्या टोकाखालून नख फिरवलं. नख खळग्यात अडकलं.

"काका, घासलेल्या रॉकरवर तुम्ही खूण करता ना?"

"बगलेत ठोकतो, दोन ठिपके."

तिने बॅटरी मारली. ठिपके नव्हते.

"हा काकांनी घासलेला रॉकर नाहीच," ती म्हणाली. "हा भंगाराच्या डब्यातला जुना. याच्या टोकाला झिजून खळगा पडलाय. पातं असतं सपाट. ते खळग्यावर पुलासारखं आडवं बसतं आणि बारा दाखवतं. खरी फट खळग्याएवढी जास्त. म्हणून गॅप बरोबर आणि टकटक चालूच."

"मग काकांनीच बदलला असेल!"

"त्यांना बिघडवायचंच असतं तर घासतानाच बिघडवलं असतं. झाकण उघडायची गरज काय? आणि रॉकर बदलायला सगळा दांडा काढावा लागतो, मग आठही गॅप नव्याने लावाव्या लागतात. ज्याने बदलला त्याने त्या लावल्या. वैऱ्यासारख्या नाही, देवघर आवरावं तशा. एकही केसभर चुकलेली नाही. फक्त तुझ्या एक्झॉस्टच्या बारा होत्या, त्या आता चौदा आहेत."

"चौदा कोण लावतं?"

"एक्झॉस्ट तापतो, त्याला दोन जास्त द्यावेत. पुस्तकात नाही हे. आपल्याला शिकवलं होतं. तू पुस्तक आल्यावर सोडलंस. मी अजून तसंच लावते. जगाचं माहीत नाही, पण या दारातून आत येणाऱ्यांत असं लावणारी दोघंच. आणि काल दुपारी मी वर्गात होते."

ताईने बाबांकडे पाहिलं. सवय अशी चिवट, की कपट करतानाही हाताने इमान सोडलं नव्हतं.

"ओळखलंस," बाबा म्हणाले. त्यात कौतुक होतं, आणि राग त्याहून जास्त. "वाटलं होतं हा ओळखेल. निदान अडला की मला हाक मारेल. मी इथून बारा पावलांवर बसलोय. याने काय केलं? तुला फोन! काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"बाबा, अहो, काकांची नोकरी जात होती," धाकटा कसाबसा म्हणाला. "आणि तुम्ही बघत बसलात?"

बाबांनी मान खाली घातली. मग खुर्चीचा हात धरून उठले आणि टर्नरसमोर जाऊन उभे राहिले.

"मी केलं. तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. आल्यावर तोंड उघडायला हवं होतं, ते उघडलं नाही. माफ कर."

"पण का, उस्ताद? स्वतःच्या पोराचं काम?"

"जळत होतो," बाबा म्हणाले. "त्याच्यावर, तुझ्यावरसुद्धा. तुला दिवसभर विचारतात, किती घासू, किती ठेवू, हे चालेल का. मला एकच विचारतात. जेवलात का?"

टर्नरने पेटीतून हत्यारं एकेक करून बाहेर काढायला घेतली. ताईला काहीतरी बोलायचं होतं, पण धीर झाला नाही. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी ती बाबांना फोन करत होती, आणि तिनेही दुसरं कधी काही विचारलं नव्हतं.