धोंडाबाईची मेहरुन

कादर आमच्या दुकानात पहिल्यांदा आला तो शिंकतच. अब्बा पिंजारी. लोणावळ्याच्या धुक्यानं कापूस आधीच दमट झालेला, आणि हा भला माणूस नेमका पिंजणासमोर येऊन उभा! टोपीवर कापूस, भुवयांवर कापूस... मला हसू आवरेना.

"गादी भरायची होती," तो म्हणाला, "पण तुम्ही तर मलाच भरताय."

मशिदीत मुलांना शिकवायला तो नवीनच आला होता. गादी चार दिवसांत झाली, तरी त्याच्या खेपा संपेनात. एकदा उशी राहिली, एकदा खोळ आखूड झाली. खोळ मुळीच आखूड नव्हती, मीच शिवली होती. तरी मी ती उसवली आणि पुन्हा शिवली — चांगली सावकाश. भादव्यात त्यानं अब्बांकडे मला मागणी घातली. आनंदानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग एका दुपारी तो उतरलेल्या चेहऱ्यानं आला. अब्बा गादी पोचवायला गेले होते. जे आपल्या धर्मात नाहीत त्यांच्याशी मनाचं नातं ठेवलं तर ईमान अधुरं राहतं, असं त्याच्या उस्तादांचं म्हणणं होतं. म्हणून निकाहाआधी मी चार माणसांत सांगायचं, की धोंडाबाईशी माझं नातं संपलं.

धोंडाबाई आमची शेजारीण. मानमोडीच्या साथीत माझी आई गेली तेव्हा मी आठ दिवसांची होते. त्याच साथीत धोंडाबाईचं तान्हं गेलं होतं. तिनं मला पदराखाली घेतलं, ते दोन वर्षं.

"दूध पाजलं ती आईच, असं आपल्या किताबात आहे ना?" मी विचारलं.

"आहे. तिला भाकर दे, लुगडं दे, आजारपणात तिचं कर. कोण नको म्हणतंय?" तो खाली बघत म्हणाला. "फक्त... जीव लावू नकोस, मेहरुन."

संध्याकाळी मी धोंडाबाईला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती.

"म्हनून टाक की," ती म्हणाली. "तोंडानं म्हनलं म्हंजी दूध काय अंगातनं निघून जातंय व्हय? चांगला मानूस हाय. सोडू नगं."

एवढं बोलून ती घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली. मला तिथं थांबवेना.

दुसऱ्या दिवशी मी कादरला विचारलं, "नुसतं तोंडानं म्हटलं तर चालेल?"

"नाही. खोटं नको."

त्याच्या या खरेपणावरच तर मी भाळले होते! मी म्हटलं, "आणि उद्या उस्तादांनी तुम्हाला सांगितलं, मेहरुनलाही जीव लावू नका... तर?"

तो नाही म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. खूप वाट पाहिली. त्याचे डोळे भरून आले, ओठ हलले, पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"सांभाळून जा," मी म्हटलं. "बाहेर धुकं फार आहे."