अकरा अंश डावीकडे

रघूकाकाला कॉकपिट करायला नऊ दिवस लागले. एक मीटर ऐंशी रुंद, एक मीटर दहा उंच प्लायवूड, त्यावर प्लास्टरचा एकसंध थर आणि त्या थरातच ओतलेले पडदे, बटणं, खटके. भूमिकाने दिलेल्या फोटोंशी मी ते एकेक करून ताडून पाहिलं. एकही बटण कमी नव्हतं.

"सोंड तेवढी नाय लावली," काका म्हणाला. "बाकी सगळं हाय."

हमरापुरात आमचा गणपतीचा कारखाना आहे. वडील गेल्यापासून काकाच तो चालवतो. साचे तो करतो आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याचं काम, तेही तोच. मी रोह्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. माझी धाकटी बहीण भूमिका एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर होती, म्हणजे कॅप्टनच्या उजवीकडे बसणारी वैमानिक. सात वर्षं ती त्या खुर्चीत होती. आता तिला डावीकडच्या खुर्चीत जायचं होतं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण उजव्या खुर्चीत विमान उजव्या हाताने धरतात आणि इंजिनं डाव्या हाताने सांभाळतात. डावीकडे सगळं उलटं. सवयीचा हात चुकीच्या जागी जातो. म्हणून वैमानिक कॉकपिटचं मोठं चित्र भिंतीला लावतात, समोर खुर्ची टाकतात आणि हातांना नवं वळण लावतात. भूमिकाकडे असलेलं चित्र कारखान्याच्या ओलीने सुरकुतलं होतं. ते बघून काका म्हणाला होता, कागदाला हात लावून हाताला काय कळणार, मी करून देतो.

तिची ही दुसरी खेप होती. पहिल्या चाचणीत सिम्युलेटरमध्ये तिला दाट ढग आणि बंद पडलेलं एक इंजिन दिलं होतं. यंत्र सांगत होतं, विमान सरळ आहे. तिच्या शरीराला वाटत होतं, ते उजवीकडे कललंय. चार सेकंद तिने शरीराचं ऐकलं आणि ती नापास झाली. या वेळी हुकलं तर कंपनी पुन्हा संधी देणार नव्हती. तिच्यामागून आलेल्यांच्या उजव्या हाताला बसून तिला उरलेली नोकरी काढावी लागली असती. महिन्याभराची रजा घेऊन ती घरी आली होती.

तिच्या चुकीचं कारण मी तिला समजावलं होतं. आपला तोल कानातल्या तीन बारीक नळ्यांमधल्या द्रवावर ठरतो आणि ढगात, बाहेर काही दिसत नसताना, तो द्रव फसवतो. "यंत्रावर विश्वास ठेव," मी म्हणाले होते. "स्वतःवर नको." हे वाक्य माझं आहे, हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

फळीच्या मध्यभागी कृत्रिम क्षितिज होतं. वाटीच्या तोंडाएवढा गोल, वरचा अर्धा निळा, खालचा तपकिरी, मधे पांढरी रेघ आणि रेघेच्या मधोमध विमानाची खूण म्हणून एक काळा ठिपका. बाहेर काही दिसत नसेल तेव्हा विमान सरळ आहे की कललंय, हे ती रेघ सांगते. काकाने ते काम शेवटी ठेवलं होतं. शनिवारी दुपारी तो मांडी घालून त्यासमोर बसला, श्वास धरला, रेघ ओढली, काळी खूण केली. मग आखणीचा बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून त्याने त्या काळ्यावर एक टिंब टेकवलं.

त्याचा हात तसाच हवेत राहिला.

मूर्तीच्या बुबुळात हे पांढरं टिंब सगळ्यात शेवटी देतात. त्यानेच नजर येते. चाळीस वर्षं काकाचा हात गोलातल्या काळ्यावर येऊन तिथेच थांबत आला होता.

"चुकलं गो," तो म्हणाला.

आई चहा घेऊन आली होती. तिने बघितलं आणि म्हणाली, "पुसून टाका भावजी. तो काय देव नाय."

"म्हणून तर," काका म्हणाला. उघडलेला डोळा तो कधी पुसत नसे. तो पाण्यातच मिटायचा, असा त्याचा नियम होता.

भूमिका हसली. "राहू दे काका. एवढी यंत्रं हायत, एक तरी माझ्याकडं बघू दे."

रोज संध्याकाळी पाच ते सात आम्ही सराव करायचो. मी रोह्याहून गाडीने यायची, हातपाय धुवायची आणि उजव्या खुर्चीत चेकलिस्ट घेऊन बसायची. मी वाचायची, ती हात फिरवून उत्तर द्यायची. पहिले दोन दिवस तिचे हात गोंधळले. मंगळवारी एकदाही गोंधळले नाहीत.

त्याच मंगळवारी मला रेघ तिरकी वाटली. डावं टोक किंचित खाली होतं. मी काकाचा ओळंबा लावला आणि कोनमापकाने मोजलं. दोन अंश. फळी कललेली नव्हती. प्रयोगशाळेतून आणलेली स्पिरिट लेव्हल मी फळीच्या वरच्या कडेवर ठेवली, बुडबुडा मधोमध होता.

मला पहिल्यांदा काकाचा संशय आला. आपली चूक झाकायला त्याने गुपचूप गोल पुन्हा रंगवला असेल. विचारलं तर तो म्हणाला, शनिवारपासून मी त्या भिंतीकडं फिरकलेलो नाय. ते खरं होतं. त्याने आपली बैठक आणि रंगाचे डबे पुढच्या दाराशी नेले होते. मग मला भूमिकाचा संशय आला. लहानपणी माझ्या परीक्षेच्या दिवशी घड्याळ अर्धा तास पुढे करणारी ती.

गुरुवारी चार अंश झाले. परीक्षेच्या गठ्ठ्यांना आम्ही मोहोर करतो, तसा मी गोलावर कागद चिकटवला आणि कडांवर सह्या केल्या. शुक्रवारी घरातले सगळे पेणला लग्नाला गेले. कारखान्याची किल्ली माझ्याकडे होती. शनिवारी कागद जसाच्या तसा होता. तो फाडून मी मोजलं.

सहा.

मी भिंग लावलं. रेघेच्या डाव्या टोकाजवळ, रंगात, ब्रशचा एक केस अडकलेला होता. मंगळवारच्या नोंदीत मी त्याचं चित्र काढलं होतं, केस रेघेला समांतर. आताही तो समांतरच होता. म्हणजे रेघ नव्याने ओढलेली नव्हती. जुनीच रेघ फिरली होती, केसासकट. आणि गोल फिरणं शक्य नव्हतं, कारण तो फळीच्या प्लास्टरमध्येच ओतलेला होता. कडेला तडा नव्हता. वहीत मी तारीख, वेळ आणि कोन लिहिला. कारणाचा रकाना रिकामा ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात भूमिका मी विचारण्याआधीच उत्तरं देऊ लागली. एकदा तिने माझ्या यादीत नसलेल्या प्रश्नाचंही उत्तर दिलं आणि त्या गोलाकडे बघून मान हलवली, आपण समोरच्याला हो म्हणतो तशी.

"नीट उभी रहा गो," आई तिला ओट्याशी म्हणाली.

मग मीही बघू लागले. तिची मान आणि खांदे डावीकडे झुकलेले असत. चहाचा कप ती अशी धरायची की चहा एका काठाला लागायचा. एकदा मी तिचा पाठमोरा फोटो काढला आणि दाराच्या चौकटीशी तिच्या खांद्यांचा कोन मोजला. आठ अंश. फळीवर त्या दिवशी आठच होते.

मी लेव्हल तिच्यासमोर फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध स्थिर झाला. ती बराच वेळ बघत राहिली. विद्यार्थ्याने चुकीचं उत्तर लिहिलं की मी जशी बघते, तशी.

"बुडबुडा तिरका हाय, ताई," ती शांतपणे म्हणाली. "घरच तिरकं हाय. तुला कळत नाय, कारण तुझ्या कानात पाणी हाय."

"ते रंगवलेलं आहे, भूमिका. काकाने रंगवलंय."

"तूच सांगितलंस ना? यंत्रावर विश्वास ठेव. स्वतःवर नको."

त्या रविवारी मी कंपनीच्या प्रशिक्षण विभागाला ईमेल लिहिला. तो गेला असता तर तिची डावी खुर्ची कायमची गेली असती. नाही गेला तर तिच्या पाठीमागे एकशे ऐंशी माणसं बसणार होती. माझ्याकडे पुरावा म्हणून प्लास्टरची फळी आणि आठ आकडे होते. मी ईमेल पाठवला नाही. तो अजूनही मसुद्यांत आहे.

ती चाचणीला निघाली त्या सकाळी अकरा अंश होते.

ती पास झाली. परीक्षक म्हणाले, इतकं सरळ विमान धरलेलं मी बघितलेलं नाही, चार तासांत रेघ अर्धा अंशही हलली नाही. आईने पेढे वाटले.

काकाने फळी खाडीत बुडवायला टेम्पो बोलावला होता. माझी गाडी कासू स्टेशनात थांबली असताना त्याचा फोन आला.

"दिपिका, ते पांढरं टिंब नाय गो," तो म्हणाला.

"खरवडलंय?"

"नाय. काळं जसंच्या तसं हाय. टिंबच नाय." टेम्पोवाल्याला थांबवून तो म्हणाला, "आता बुडवून काय करू?"

पुढचे तीन महिने भूमिका बाहेरच होती. मोठ्या कॅप्टनच्या देखरेखीखाली तिची प्रत्यक्ष उड्डाणं चालू होती. त्यानंतर तिला चौथी पट्टी मिळाली आणि कॅप्टन म्हणून पहिल्या उड्डाणाची तिकिटं तिने आईला आणि मला पाठवली. फेब्रुवारीतली सकाळ, मुंबईहून गोवा. मी डाव्या खिडकीशी बसले. पर्समध्ये लेव्हल होती.

विमान चढलं, दक्षिणेकडे वळलं. वळताना कललं. खाली मिठागरांचे चौकोन दिसले, मग कुंडलिकेचं वळण, रोह्याचा पूल.

वळण संपलं. कल संपला नाही.

माझ्या खिडकीत नुसती जमीन होती. पलीकडच्या खिडक्यांत नुसतं आकाश. तिकडे समुद्र दिसायला हवा होता.

विमान वळत असतं तर माझ्या गुडघ्यावरचा उन्हाचा चौकोन सरकला असता. चौकोनाच्या कडेला मी पेनने खूण केली. वीस मिनिटं तो खुणेवरून हलला नाही.

म्हणजे आम्ही सरळ जात होतो.

मी लेव्हल समोरच्या ट्रेवर ठेवली. बुडबुडा मधोमध. आईच्या ग्लासातलं पाणी काठाशी समांतर.

कोणीही खिडकीकडे बघत नव्हतं. पलीकडच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "किती छान नेते ना? हलत पण नाय."

मी आईला खिडकी दाखवली. तिने वाकून बघितलं. "गाव दिसतंय की गो सगळं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

विमान वेळेवर उतरलं. चाकं टेकलेलीही कळली नाहीत.

उतरताना भूमिका कॉकपिटच्या दारात उभी होती. टोपी काखेत, खांद्यावर चार पट्ट्या, सगळ्यांना नमस्कार करत. मी थांबले. तिची मान, खांदे, पट्ट्या, सगळं मी पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती मला अगदी सरळ उभी दिसत होती.

आईने मागून माझा दंड धरला.

"दिपिका," ती म्हणाली, "नीट उभी रहा गो."